‘आपले झगडणे रक्तमांसाबरोबर नव्हे’, मग मी रोज कोणाशी झगडते आहे?

थोरली_लेक | मंगळवार, रात्री 10:52

सर्वांना सलाम. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

आई गेली त्याला येत्या पंधरा तारखेला वर्ष होईल. नगरजवळच्या खेड्यात आमचं घर, मागे दीड एकर रान आणि एक विहीर. मी थोरली, मग भाऊ, मग धाकटी बहीण. आईचं शेवटचं आजारपण भावाकडे निघालं. भावजयीने सगळं केलं, अंथरुणातलंसुद्धा, हे मी नाकारत नाही. आता भाऊ म्हणतो, दोघी बहिणी हक्कसोडपत्र द्या. धाकटी नाही म्हणाली, मी गप्प बसले. गेल्या नाताळच्या उपासनेला ती दोघं पुढच्या बाकावर आणि आम्ही शेवटच्या. प्रभुभोजनाला मी उठलेच नाही.

आमच्या प्रार्थना गटातल्या एका भगिनीने सांगितलं, ‘तुझ्या भावजयीच्या माहेरचं काहीतरी त्या घरात शिरलंय. भावाच्या डोळ्यांवर झापड आहे. नाव घेऊन बांधून टाक, चौकटीला तेल लाव.’ तीन आठवडे रोज पहाटे मी भावजयीचं नाव घेऊन बांधण्याची प्रार्थना केली. त्याने झालं असं, की मला तिची भीतीच वाटायला लागली. परवा तिने भाच्याच्या हाती डबा पाठवला, पुरणपोळ्या होत्या. मी त्या खाल्ल्या नाहीत, शेजारी देऊन टाकल्या. रात्री आडवी झाले तेव्हा आठवलं, याच हातांनी तिने माझ्या आईला भरवलं होतं.

सैतान आहे, हे मी मानते. आत्मिक युद्ध आहे, हेही मानते. पण माझ्या घरात ते कुठे चाललंय आणि मी कोणाच्या बाजूने लढतेय, हे मला कळेनासं झालंय. कोणी अनुभवाने सांगेल का?

---

गुडघ्यांवर | मंगळवार, रात्री 11:30

ताई, आधी एक सांगते, तुमच्यासाठी आत्ता प्रार्थना केली.

शत्रू खरा आहे, ही गोष्ट कोणाच्या बोलण्याने सोडू नका. आमच्याकडे चौदा वर्षं दारू होती. मालक पगाराच्या दिवशी घरी यायचे नाहीत. मी उपास धरले, रात्र-रात्र जागले. मंडळीतल्या चार बायका दर शुक्रवारी माझ्या ओट्यावर बसायच्या. एक दिवस ते सुटलं आणि परत आलं नाही. देवाने सोडवलं, ही माझी साक्ष आहे आणि मी ती कुठेही उभी राहून देईन.

पण त्या वर्षांत एक चूक माझ्याकडूनही झाली. पहिली काही वर्षं मी त्यांच्याविरुद्ध प्रार्थना करत होते. देवा, याला धडा शिकव, याला आडवा पाड. त्या प्रार्थनेने माझंच तोंड कडू व्हायचं. मग आमच्या पाळकीणबाईंनी मला बसवून सांगितलं, ‘त्याच्या बाजूने उभी राहून दारूविरुद्ध माग.’ दोन्ही वेळा गुडघे तेच होते, पण मागणं बदललं आणि मी त्यांच्या ताटात पुन्हा प्रेमाने वाढायला लागले. दारू त्यानंतर बऱ्याच काळाने सुटली.

तेलाबद्दल मात्र कोणी हसू नये. याकोबाच्या 5 व्या अध्यायात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायला सांगितलंच आहे.

---

निवृत्त_पाळक | बुधवार, सकाळी 6:15

थोरल्या लेकी, सलाम. तू जे वचन शीर्षकात घातलंस ते बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रातलं, इफिस 6:12. त्याच्याभोवतीचं सगळं एकदा सलग वाच, असं सुचवतो. आपण 10 व्या वचनापासून सुरुवात करतो, कारण शस्त्रसामग्री तिथे आहे आणि संडे स्कूलला पुठ्ठ्याचं शिरस्त्राण करायला ते सोपं पडतं. पण त्याच्या लगेच आधी काय आहे? पाचव्या अध्यायाच्या शेवटी नवराबायको, सहाव्याच्या सुरुवातीला आईबाप आणि मुलं, मग दास आणि धनी. म्हणजे पौल घराच्या उंबऱ्यातून आत फिरतो, प्रत्येक खोलीत डोकावतो आणि तिथूनच थेट म्हणतो, आता शस्त्रसामग्री चढवा. लढाईचं मैदान त्याने आधीच दाखवलंय.

दुसरं. हे पत्र इफिसच्या नावाने आहे. त्या गावात जादूटोणा, मंत्र, ताईत यांचं मोठं प्रस्थ होतं. प्रेषितांची कृत्ये 19 वाच. स्कवा नावाच्या याजकाच्या सात मुलांनी येशूचं नाव मंत्रासारखं वापरून पाहिलं. त्या माणसातल्या दुष्टात्म्याने ‘तुम्ही कोण?’ असं विचारून त्यांना असं बदडलं की ते उघडे, घायाळ होऊन पळाले. नंतर विश्वास धरलेल्या लोकांनी आपल्या जादूच्या पोथ्या आणून जाळल्या, त्यांची किंमत पन्नास हजार रुपये भरली, म्हणजे चांदीची तेवढी नाणी. अशा लोकांना पत्र लिहिताना पौलाला एखादं जालीम सूत्र देता आलं असतं, अमुक वेळा अमुक नाव घ्या म्हणून. त्याने दिलं काय? सत्य, नीतिमत्त्व, शांतीची सुवार्ता, विश्वास, तारण, देवाचं वचन आणि प्रार्थना. ज्या बाईंनी तुला नाव घेऊन बांधायला सांगितलं त्यांचा हेतू वाईट नसेल, पण ती रीत इफिसच्या जुन्या रीतीकडे झुकते असं मला कळकळीने वाटतं.

आता ढाल. आपल्या डोळ्यांसमोर येते ती मावळ्याच्या हातातली गोल ढाल. मूळ ग्रीक शब्द ‘थुरेऑस’, तो ‘दार’ या शब्दापासून आलेला. रोमी शिपायाची ती उंच, दारासारखी ढाल. एकट्याला ती पुढून झाके, पण शिपाई खांद्याला खांदा लावून उभे राहिले की ढालींची भिंत व्हायची. पौलाचं ‘तुम्ही’ तिथे अनेकवचनी आहे, आदरार्थी नाही. ही आज्ञा सबंध मंडळीला आहे. तुझी भावजय त्याच मंडळीत पुढच्या बाकावर बसते ना? मग त्या भिंतीतली एक ढाल तिच्याही हातात आहे.

आणि ही सामग्री आली कुठून? यशया 59:17 काढ. तिथे स्वतः परमेश्वर नीतिमत्त्वाचं उरस्त्राण आणि तारणाचं शिरस्त्राण घालतो. आपण अंगावर चढवतो ते त्याचंच आहे. तेव्हा ज्या लेकरासाठी तो मेला त्याच्यावर ते उगारता येत नाही.

चाळीस वर्षं पाळकाचं काम केलं. अंगात आलेल्यांपेक्षा भावकीने फुटलेली घरं मी जास्त पाहिली.

---

गुडघ्यांवर | बुधवार, सकाळी 9:40

पाळकसाहेब, सलाम. तुमचं बरंचसं पटलं. पण येशूने पेत्राला तोंडावर ‘सैताना, माझ्यामागे हो’ म्हटलंच की. म्हणजे माणसातून तो बोलतो हे खरं ना?

---

निवृत्त_पाळक | बुधवार, सकाळी 10:05

बोलतो, बाई. पण पुढे पाहा. ते मत्तय 16:23. त्यानंतर काही वचनांतच, 17:1 ला, सहा दिवसांनी येशू कोणाला डोंगरावर घेऊन गेला? त्याच पेत्राला, याकोब आणि योहानाबरोबर. धमकावलं त्या विचाराला, पेत्राला दूर केलं नाही.

---

हडपसर_27 | बुधवार, रात्री 11:58

इथे सगळे मोठे आहेत, माझं लिहावं की नाही विचार करत होतो. माझी लढाई रात्री बारा ते दोन. खोलीत एकटा असतो, हातात मोबाईल. काय बघतो ते लिहायची गरज नाही. रविवारी मी गिटार वाजवतो, लोक ‘ब्रदर, काय अभिषेक आहे तुमच्यावर’ म्हणतात आणि मला खाली मान घालाविशी वाटते.

सगळ्यात वाईट ती गोष्ट घडून गेल्यानंतरची पंधरा मिनिटं असतात. आत एक आवाज म्हणतो, तू ढोंगी आहेस, आता कसली प्रार्थना, आठवडाभर तोंड दाखवू नकोस. मी खरंच दाखवत नाही. आठवडा जातो. आठवड्यात पुन्हा तेच.

---

निवृत्त_पाळक | गुरुवार, सकाळी 5:50

बाळा, तू लिहिलंस हीच कंबर कसणं आहे. पौल सत्याने कंबर कसायला सांगतो, ते यादीत पहिलं आहे.

ती पंधरा मिनिटं तू बरोबर पकडलीस. प्रकटीकरण 12:10 मध्ये सैतानाला भावांना दोष देणारा, रात्रंदिवस आरोप करणारा म्हटलंय. सैतानासाठीच्या ‘डायबोलॉस’ या ग्रीक शब्दाचा अर्थच निंदा करणारा. आधी ‘काही होत नाही’ म्हणून ओढायचं आणि नंतर ‘तुझं काही होऊ शकत नाही’ म्हणून दाबायचं, या दोन्ही कामांना एकच हात लागतो. पवित्र आत्माही पाप दाखवतो, पण तो वधस्तंभाकडे नेतो. जो आवाज तुला प्रार्थनेपासून लांब नेतो तो देवाचा नव्हे, एवढं ओळखायला शीक. 1 योहान 1:9, पाप कबूल केलं तर तो क्षमा करतो हे वचन, पाठ कर आणि त्या पंधरा मिनिटांतच मोठ्याने म्हण. सैतान मोहात पाडायला आला तेव्हा येशूने रानात तेच केलं, तिन्ही वेळा ‘अनुवाद’ या पुस्तकातलं वचन उच्चारलं. आणि लक्षात घे, वचन सैतानानेही उच्चारलं, स्तोत्र 91. म्हणून एक ओळ पाठ असून भागत नाही, सबंध शास्त्र अंगात मुरावं लागतं.

दुसरं साधं काम. मोबाईल रात्री दहाला खोलीबाहेर ठेव. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या पुरुषाला हे सांग आणि दर शनिवारी त्याने विचारावं असं ठरव. एकट्याची ढाल चारी बाजूंनी झाकत नाही.

---

रात्रपाळी | गुरुवार, दुपारी 3:20

मी परिचारिका आहे, सांगली-मिरजेकडे. विश्वासात वाढले, वडील सुवार्तिक होते. एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा धागा पुढे जाऊ नये असं वाटतं.

वॉर्डात एक मुलगी आणली होती, एकोणीस वर्षांची. आवाज ऐकू येतात म्हणायची, जेवण सोडलं होतं. घरच्यांनी आठ महिने तिला एका सेवकाकडून दुसऱ्याकडे नेलं. कोणी केस धरून ओरडलं, कोणी उपाशी ठेवलं. मनगटांवर दोरीचे वळ होते. तिला औषधं सुरू झाली, काही आठवड्यांत ती आईला ओळखून बोलायला लागली. मला म्हणाली, ‘सिस्टर, ते सगळे मला सैतान म्हणत होते, म्हणून मी देवाशी बोलणं बंद केलं.’ ते वाक्य मी विसरू शकत नाही.

भूत उतरवतो म्हणून कोणाला बांधणं, मारणं, चटके देणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच ते पन्नास हजार दंड. तो कायदा कोणा एका धर्मासाठी नाही, आपल्यालाही लागू आहे. आणि ज्यांना कोणाशी बोलावंसं वाटतं त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस सेवा आहे, 14416, मराठीतही बोलतात.

मी रोज ड्युटीला जाताना प्रार्थना करते. दुष्टात्मे नाहीत असं माझं म्हणणं नाही. पण झोप उडणं, भूक जाणं, आवाज येणं, सतत मरणाचे विचार, बाळंतपणानंतर बाळाजवळ जायची भीती, यात आधी डॉक्टरला दाखवा. सोबत हात धरून प्रार्थना करा.

---

गुडघ्यांवर | गुरुवार, संध्याकाळी 7:10

सिस्टर, वाचून रडू आलं. आमच्या गटातही एका बाईला आम्ही असंच ‘आत्मा आहे’ म्हणालो होतो. तिला थायरॉइड निघाला. मी तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली, पण ती आता सभेला येत नाही.

तरी एवढं म्हणते, प्रार्थनेने माणसं मोकळी होतात हे मी पाहिलंय. गरसेकरांच्या प्रदेशातल्या त्या भूतग्रस्त माणसाला येशूने सोडवलं तेव्हा लोकांनी त्याला कसा पाहिला? कपडे घातलेला, शुद्धीवर आलेला, येशूच्या पायाशी बसलेला. लूक 8:35. साखळ्यांनी तर लोकांनी आधी त्याला बांधलं होतं, येशूने नाही. हे आज तुमचं लिहिणं वाचताना माझ्या ध्यानात आलं.

---

नवा_विश्वासी | शुक्रवार, सकाळी 8:30

सहा वर्षांपूर्वी मी बाप्तिस्मा घेतला. घरात एकटाच. आजीच्या खोलीत देव्हारा आहे, ती रोज पहाटे फुलं वाहते. पहिल्याच वर्षी एका प्रार्थना सभेत मला सांगितलं गेलं, घरात मूर्ती आहेत तोवर तुझ्यावर हल्ले होत राहणार, आजीच्या हातचं खाऊ नकोस. मी दोन महिने वेगळं जेवलो. आजीने एकदाही विचारलं नाही, का म्हणून. फक्त माझ्या वाटणीची भाकरी झाकून ठेवायची.

मग कोणीतरी ना. वा. टिळकांबद्दल सांगितलं. 1895 ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या आणि त्यांचा बाप्तिस्मा 1900 ला झाला, त्यांच्या स्वतःच्या मनाने. मधल्या वर्षांत त्या बाईंनी काय सोसलं असेल, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं, कारण तोवर मी फक्त माझंच सोसणं मोजत होतो.

माझी खरी लढाई आजीशी नव्हती. मी आता वरचढ झालो, हा माझ्या मनातला विचार होता, त्याच्याशी होती. नैवेद्याचं मी खात नाही, ते आजीला समोर बसून सांगितलं. ती म्हणाली, ‘मग तुझं वाढून ठेवते आधी.’ तेव्हापासून माझं ताट नैवेद्याच्या आधी होतं. थोरली_लेक ताई, तुमच्या डब्याचं वाचून हे लिहिलं.

---

वसईची_सून | शुक्रवार, दुपारी 2:45

जय येशू. मी कॅथलिक आहे, त्यामुळे रीत थोडी वेगळी वाटेल. आमच्याकडे भूतबाधा काढण्याचा अधिकृत विधी बिशपांनी स्पष्ट परवानगी दिलेल्या फादरांनाच करता येतो, कोणीही उठून करायचा नाही. मला तो नियम फार शहाणपणाचा वाटतो. बाकीच्यांसाठी रोजचंच आहे, मिस्सा, पापनिवेदन, रोजरी. सासूबाई रोज रात्री संत मायकलची प्रार्थना म्हणतात.

माझ्या कामी आली ती संत इग्नाशियस यांची शिकवण. सोळाव्या शतकातला हा शिपाईगडी. लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला, अंथरुणात पडल्यापडल्या आपल्या मनात काय येतं-जातं हे तो निरखायला शिकला. त्याचा एक नियम असा, की मन कोरडं आणि अंधारलेलं असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, नवा निर्णय घेऊ नये. माझा दुसरा गर्भ गेला तेव्हा मी चर्च सोडायचं ठरवलं होतं. फादर म्हणाले, ‘आत्ता नको ठरवू. बरं वाटेल त्या दिवशी ठरव.’ बरं वाटायला सात महिने लागले. तोवर मी बाकावर नुसती बसायचे, ओठ हलायचे नाहीत. बाजूच्या बायका म्हणत होत्या, मी ऐकत होते.

आणि झोपण्याआधी पाच मिनिटं दिवस मागे फिरवून पाहायचा. आज कुठे देवाजवळ होते, कुठून लांब गेले. मी हे भांडी घासताना करते. जावेशी बोललेलं एखादं टोचरं वाक्य हमखास तिथे सापडतं.

---

दोहा_ते_जालना | शुक्रवार, रात्री 9:15

इथे कंपनीच्या खोलीत आम्ही सहा जण. शुक्रवारी सुट्टी, उपासनाही शुक्रवारीच. घरी बायको आजारी आहे आणि पोरगं फोनवर बोलत नाही. परमेश्वर लांब गेला असं रोज वाटतं. इग्नाशियसचं वाचलं, कागदावर लिहून उशीखाली ठेवलं. तेवढंच.

---

रात्रपाळी | शुक्रवार, रात्री 9:50

दादा, बायकोला काय होतंय ते मला निरोपातून कळवा. जालन्यात दाखवायला कुठे न्यायचं ते विचारून सांगते.

---

निवृत्त_पाळक | शनिवार, सकाळी 6:30

थोरल्या लेकी, जमिनीचं राहून गेलं. क्षमा करणं आणि कागदावर सही करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गाठ मारू नकोस. आपल्याला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा. हे भावाला शांतपणे सांगणं हेही सत्यच आहे, आणि त्याने व त्याच्या बायकोने आईचं केलं ते मोजणं हेही सत्यच आहे. तलाठ्याकडे जायच्या आधी तिघांनी एका सतरंजीवर बसा.

इफिस 4:26-27 मध्ये म्हटलंय, रागात सूर्य मावळू देऊ नका, सैतानाला वाव देऊ नका. ‘वाव’साठी मूळ शब्द ‘टोपॉस’ आहे, म्हणजे जागा. तुमचा तंटा जागेचाच आहे, म्हणून सांगितलं.

---

थोरली_लेक | रविवार, रात्री 8:20

सगळ्यांचं पुन्हा पुन्हा वाचलं. आज उपासना झाल्यावर गेले.

डबा परत करायचा होता आणि आपल्यात तो रिकामा देत नाहीत. सकाळी शेंगदाण्याची चटणी कुटली, ती भरली. वाटेत दोनदा मागे फिरावंसं वाटलं. भाऊ रानात होता. भावजय दारात तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, पोळ्या मी खाल्ल्या नाहीत, शेजारी दिल्या. का, ते सगळं सांगितलं, बांधण्याच्या प्रार्थनेचंही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘आक्का, मला वाटायचं आई गेल्या म्हणून तुम्ही येत नाही.’ मी तिचा हात धरला. ती रडली, मीही रडले. पाणी तिनेच दिलं, मी प्याले.

भाऊ आला तो चटणी पाहून नुसता ‘आईसारखी कुटली’ म्हणाला. सहीचं निघालं. मी पाळकसाहेबांनी सांगितलं तसं म्हटलं, कायद्याने तिघांचा सारखा वाटा आहे, पण तुम्ही दोघांनी जे केलं ते आम्ही मोजायला हवं, धाकटीला घेऊन बसू. तो चिडला. उठून गोठ्यात गेला. मी निघेपर्यंत आला नाही. तेव्हा काही मिटलं असं मी म्हणू शकत नाही.

पंधरा तारखेला आईच्या आठवणीची प्रार्थना आहे, त्यांच्याच घरी. भावजयीने विचारलं, वचन तुम्ही वाचाल का. मी हो म्हटलंय. गुडघ्यांवर ताई, त्या दिवशी सकाळी आमच्या चौघांसाठी मागा. भावाचं नाव घेऊन मागा, त्याच्या बाजूने.

---

गुडघ्यांवर | रविवार, रात्री 8:41

पहाटे चारला उठते मी. मागेन. भाऊ आणि भावजय, दोघांची नावं मला निरोपात पाठवा.